मराठी विकिपीडियावर आपले गाव : नवा लेख लिहिताना

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही नावे उच्चारली की बहुतेकांना प्रथम आठवते ती लोकल गाडी. ते स्वाभाविकही आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ साली, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. मात्र याच परिसरात कल्याणला १८६४ साली सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले आणि ठाण्यात १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली, हे किती जणांना ठाऊक असते? ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयेतिहास लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे हे ठाण्याच्या त्या ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक होते, हेही अनेक ठाणेकरांना सांगावे लागते.

आज एखाद्या विद्यार्थ्याला अशी माहिती हवी असेल, तर तो प्रथम आंतरजालाकडे वळतो. तेथे मराठीत काही नसेल तर इंग्रजीत जे असेल ते वाचतो, आणि तेथेही नसेल तर ती गोष्ट जणू घडलीच नाही असे धरून चालतो. ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग सर्वांना खुला आहे. तो म्हणजे मराठी विकिपीडियावर नवा लेख लिहिणे. हे काम वाटते तितके अवघड नाही. पण पुष्कळ उत्साही मंडळी समजतात तितके सोपेही नाही. हौसेने लिहिलेला लेख काढून टाकला गेला म्हणून कायमचे दूर गेलेले लेखक थोडे नाहीत. तसे होऊ नये यासाठी काय करावे, याची ही माहिती.

अधिकार कोणाचा?

‘विकी’ हा हवाई बेटांवरील भाषेतला शब्द. त्याचा अर्थ ‘झटपट’. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९९५ साली वाचकालाच पान बदलता येईल अशी पहिली प्रणाली सुरू केली आणि तिला हे नाव दिले. १५ जानेवारी २००१ रोजी त्याच तत्त्वावर इंग्रजी विकिपीडियाचा प्रारंभ झाला. मराठी विकिपीडिया सुरू झाला तो २००३ सालच्या मे महिन्यात, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर. ‘वसंत पंचमी’ आणि बालकवींच्या कवितेवरील ‘औदुंबर’ ही त्यावरील सर्वांत जुन्या पानांपैकी दोन.

कोशरचना मराठीला नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. या कोशांत नोंद कोणी लिहायची हे संपादक ठरवीत. लेखक त्या विषयाचा जाणकार असे आणि त्याच्या अधिकारावर वाचक विश्वास ठेवीत असे.

विकिपीडियावर असा संपादक नाही. लेखक प्राध्यापक आहे की शाळकरी मुलगा, हे वाचकाला कळत नाही. मग विश्वास कशावर ठेवायचा? येथे लेखकाच्या अधिकाराची जागा संदर्भाने घेतली आहे. ‘मी सांगतो म्हणून’ हे उत्तर चालत नाही. ‘अमुक ग्रंथात, अमुक पृष्ठावर आहे म्हणून’ हे उत्तर चालते. विकिपीडियाचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघाले आहेत आणि ती ध्यानात ठेवली की ते जाचक वाटत नाहीत.

विषय लेखास पात्र आहे काय?

लेखणी हाती घेण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे विषयाची उल्लेखनीयता. विषय महत्त्वाचा आहे की नाही हे लेखकाने ठरवायचे नसते. त्या विषयाशी हितसंबंध नसलेल्या इतर कोणी त्यावर पुरेसे लिहिले आहे काय, हे पाहायचे असते.

ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचा दुर्गाडी किल्ला, डोंबिवलीचे १९२४ साली स्थापन झालेले गणेश मंदिर यांवर वृत्तपत्रांत, ग्रंथांत, गॅझेटिअरमध्ये मजकूर सापडतो. त्यामुळे असे विषय कसोटीला उतरतात. आपल्या सोसायटीचा गणेशोत्सव, आपला क्रिकेट संघ किंवा आपले आवडते वडापावचे दुकान यांविषयी कितीही जिव्हाळा असला, तरी त्यांवर कोणी स्वतंत्रपणे लिहिलेले नसेल तर स्वतंत्र लेख टिकणार नाही. अशी माहिती प्रसिद्ध झालेली असेल तर ती परिसरावरील मोठ्या लेखात एक-दोन वाक्यांत घेता येते.

स्वतःविषयी, आपल्या नातलगांविषयी किंवा आपण पदाधिकारी असलेल्या संस्थेविषयी लेख लिहिणे टाळावे. संस्था खरोखर मोठी असेल तर तिच्याविषयी दुसरा कोणी लिहील. निवडणुकीच्या तोंडावर तयार होणारी इच्छुकांची पाने आणि दुकानांच्या जाहिराती प्रचालकांच्या नजरेतून सहसा सुटत नाहीत. विकिपीडियावरील व्यवस्था पाहणाऱ्या, सदस्यांमधूनच निवडलेल्या स्वयंसेवकांना ‘प्रचालक’ म्हणतात.

चाहत्यांचे विकी निराळे

येथे एक खुलासा करायला हवा. विकीच्या प्रणालीवर केवळ चाहत्यांनी चालवलेले कोशही आहेत. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेवरील ‘मेमरी अल्फा’ हा असा कोश २००३ सालापासून चालू आहे. २००४ साली स्थापन झालेल्या ‘विकिया’ने, म्हणजे आजच्या ‘फॅन्डम’ने, अशा कोशांना मोठे घर मिळवून दिले. तेथे एखाद्या मालिकेतील दुय्यम पात्रालाही स्वतंत्र लेख मिळतो आणि त्याचा आधार म्हणून त्या मालिकेचा भाग पुरतो.

सर्वसाधारण ज्ञानकोशात तसे चालत नाही. एखाद्या नाटकावर लेख लिहायचा असेल तर कथानक सांगणे पुरेसे नाही. ते कोणी लिहिले, प्रथम कधी रंगभूमीवर आले, समीक्षकांनी काय म्हटले, याला बाहेरचा आधार हवा. चाहतेपणा हा दोष नाही. बहुतेक लेख प्रेमापोटीच सुरू होतात. मात्र ते प्रेम विषयाची निवड आणि संदर्भांचा शोध यांत दिसावे, वाक्यांतील विशेषणांत नव्हे.

आधी शोध, मग शीर्षक

विषय ठरला की त्यावर आधीच लेख आहे का, हे पाहावे. मराठीत एकाच नावाची लेखने अनेक असतात. ‘आनंदीबाई जोशी’, ‘आनंदी जोशी’, ‘आनंदीबाई गोपाळराव जोशी’ अशी सर्व रूपे शोधून पाहावीत. लेख आधीच असेल तर दुसरा निर्माण करू नये. आहे त्यात भर घालावी. प्रचलित असलेल्या पर्यायी नावांसाठी ‘पुनर्निर्देशन’ करता येते, म्हणजे वाचकाने कोणतेही नाव टंकले तरी तो योग्य पानावर पोचतो.

शीर्षकातील संदिग्धता हा आपल्या भागातील मोठा प्रश्न आहे. ‘कल्याण’ म्हणजे ठाणे जिल्ह्यातील शहर, तसाच तो संगीतातील एक थाट व रागही. इतिहासात ‘कल्याणचे चालुक्य’ म्हटले की अभिप्रेत असते ते कर्नाटकातील आजचे बसवकल्याण. ‘ठाणे’ हे शहर आहे, तालुका आहे, जिल्हा आहे आणि रेल्वे स्थानकही आहे. या प्रत्येकासाठी वेगळा लेख आणि त्यांच्याकडे नेणारे एक ‘निःसंदिग्धीकरण’ पान, अशी व्यवस्था असते. नव्या लेखातून दुवा देताना तो नेमक्या पानाकडे जातो आहे ना, हे तपासावे.

लेखांत काही शब्द लाल रंगात दिसतात. त्या नावाचे पान अजून नाही, असा त्याचा अर्थ. नव्या लेखकासाठी लाल दुवा हे निमंत्रणच होय. त्यावर टिचकी मारली की कोरे पान उघडते.

धूळपाटीवरचा पहिला मसुदा

लेख थेट प्रसिद्ध करण्यापूर्वी सदस्य खाते उघडावे आणि आपल्या ‘धूळपाटी’वर मसुदा तयार करावा. जुन्या शाळांत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, त्यावरून हे नाव आले आहे. येथे चुकले तरी बिघडत नाही. देवनागरी टंकनाची सोय विकिपीडियातच आहे. रोमन कळांवरून अक्षरांतरण करता येते किंवा इनस्क्रिप्ट पद्धतीने टंकता येते. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतील मजकूर मात्र रूपांतरित केल्याशिवाय चिकटवू नये. तो वाचता येत नाही.

पहिले वाक्य व्याख्येचे असावे. विषय काय आहे, कोठे आहे, केव्हाचा आहे, हे त्यातच कळावे. उदाहरणार्थ, ‘ठाण्याच्या सांस्कृतिक वैभवाचा मानबिंदू असलेली ही महान संस्था रसिकांच्या हृदयात अढळ स्थान मिळवून आहे’ या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे हे महाराष्ट्रातील ठाणे शहरात १ जून १८९३ रोजी स्थापन झालेले सार्वजनिक ग्रंथालय आहे’ असे लिहावे. दुसऱ्या वाक्यात गौरवाचे विशेषण एकही नाही, आणि तरी संस्थेचे मोठेपण त्यातील सालावरूनच कळते.

‘पहिला’, ‘सर्वांत जुना’, ‘एकमेव’ हे शब्द वापरताना विशेष जपावे. आपल्या परिसरात अशा दाव्यांना तोटा नाही, पण प्रत्येकाला आधार लागतो. आधार नसेल तर केवळ साल द्यावे. तुलना वाचक करील.

त्यानंतर इतिहास, रचना, कार्य असे विभाग पाडावेत. शेवटी संदर्भ द्यावेत आणि लेख योग्य ‘वर्गा’त घालावा. ‘माहितीचौकट’ नावाचा साचा लावला तर ठळक तपशील बाजूच्या चौकटीत दिसतात. तो पहिल्याच दिवशी जमला नाही तरी चालते. मराठी विकिपीडियावर एका ओळीचे लेख पुष्कळ आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालण्यापेक्षा तीन-चार परिच्छेदांचा, संदर्भ असलेला एक लेख अधिक उपयोगी ठरतो.

संदर्भ कोणते घ्यावेत?

याचे उत्तम उदाहरण कल्याणशी निगडित आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालचा. १८८६ साली त्या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. मराठी वाचकाला त्या माहीत असतात त्या प्रामुख्याने श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीमुळे आणि २०१९ सालच्या त्याच नावाच्या चित्रपटामुळे. परंतु कादंबरीतील प्रसंग आणि संवाद चरित्राचा पुरावा म्हणून देता येत नाहीत. लेखकाला कल्पनेचे स्वातंत्र्य असते. चरित्रलेखासाठी काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले मराठी चरित्र किंवा कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ साली प्रसिद्ध केलेले इंग्रजी चरित्र पाहावे लागते. कादंबरी आणि चित्रपट यांवर अर्थातच वेगळे लेख होऊ शकतात.

स्थानिक इतिहासासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे ठाणे जिल्ह्यावरील खंड मोलाचे आहेत. तेरावा व चौदावा हे खंड १८८२ साली प्रसिद्ध झाले. त्यांत बंदरे, व्यापार, किल्ले, देवळे, जातिजमाती यांची तपशीलवार नोंद आहे. मात्र ते परकीय अंमलदारांच्या दृष्टीने लिहिलेले आहेत, हे विसरू नये. लोकसमूहांविषयीची त्यांतील मते आज जशीच्या तशी उतरवणे योग्य होणार नाही. ‘१८८२ च्या गॅझेटिअरनुसार’ असा स्पष्ट उल्लेख करावा.

आकडेवारीत तारीख आणि हद्द या दोन्हींची नोंद हवी. २०११ च्या जनगणनेचे प्राथमिक आकडे आले तेव्हा ठाणे शहराची लोकसंख्या १८,१८,८७२ सांगितली गेली. अंतिम आकडा १८,४१,४८८ असा आहे. दोन्ही आकडे आजही ठिकठिकाणी आढळतात. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेतून २००२ साली सत्तावीस गावे वगळली गेली आणि २०१५ साली ती पुन्हा घेतली गेली. म्हणजे २०११ चा आकडा त्या गावांविना आहे. ठाणे जिल्ह्याचेही तसेच. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या पुस्तकात वसई, डहाणू, जव्हार हे तालुके ठाणे जिल्ह्यात दिसतील; आज ठाणे जिल्ह्यात सात तालुके आहेत. जुने पुस्तक चुकीचे नसते. ते त्याच्या काळापुरते खरे असते. लेखात तो काळ सांगितला की प्रश्न मिटतो.

संस्थांच्या स्मरणिकांविषयी नेहमी विचारणा होते. शताब्दी किंवा सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत स्थापनेची तारीख, अध्यक्षांची नावे असे तपशील मिळतात आणि त्यांसाठी ती वापरता येते. पण ती संस्थेनेच काढलेली असते, म्हणून संस्थेचे महत्त्व सिद्ध करण्यास ती पुरत नाही. त्यासाठी वृत्तपत्रातील बातमी, स्वतंत्र ग्रंथ किंवा नियतकालिकातील लेख हवा.

नक्कल नको

दुसऱ्या संकेतस्थळावरील वा पुस्तकातील मजकूर उचलून चिकटवणे हे लेख काढला जाण्याचे एक नेहमीचे कारण आहे. माहितीवर कोणाची मालकी नसते. ती ज्या शब्दांत मांडली त्या शब्दांवर असते. म्हणून वाचावे, पुस्तक मिटावे आणि आपल्या शब्दांत लिहावे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील प्रताधिकार त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. त्यानंतर ते साहित्य सर्वांसाठी खुले होते. विकिपीडियावर आपण लिहिलेला मजकूरही मुक्त परवान्याखाली जातो. तो कोणीही श्रेय देऊन वापरू शकतो, बदलूही शकतो. हे मान्य असेल तरच लिहावे.

छायाचित्रे स्वतः काढलेली असावीत. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या वास्तू व पुतळे यांची छायाचित्रे काढून प्रसिद्ध करण्यास आपला कायदा मुभा देतो. त्यामुळे मसुंदा तलावाच्या काठचे किंवा दुर्गाडीवरचे चित्र देण्यास अडचण नाही. नाटकाच्या जाहिरातफलकाचे किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे तसे नाही. त्यांवर चित्रकाराचा वा प्रकाशकाचा हक्क असू शकतो.

इंग्रजी विकिपीडियावरील लेखाचा अनुवादही करता येतो आणि त्यासाठी यांत्रिक साहाय्य उपलब्ध आहे. परंतु यंत्राने दिलेले मराठी तसेच ठेवले तर वाक्ये इंग्रजीच्या वळणाची होतात आणि स्थलनामे बिघडतात. अनुवाद वाक्यावाक्याने तपासावा आणि मूळ लेखाचा उल्लेख संपादनाच्या सारांशात करावा.

लेख प्रसिद्ध झाल्यावर

लेख प्रसिद्ध होताच तो ‘अलीकडील बदल’ या यादीत दिसतो आणि इतर सदस्य तो पाहतात. कोणी शुद्धलेखन सुधारते, कोणी वर्ग जोडते, कोणी संदर्भ मागते. ‘सांगकाम्या’, म्हणजे सांगितलेले काम यंत्रवत करणारी संगणकीय आज्ञावलीही, काही किरकोळ बदल करून जाते. हे सर्व आपल्यावरील टीका समजू नये. प्रत्येक बदल ‘इतिहास’ या भागात नोंदलेला असतो आणि चुकीचा बदल उलटवता येतो.

पान काढण्याची सूचना लागली तर ती स्वतः पुसून टाकू नये. कारण वाचावे, चर्चा पानावर सभ्य शब्दांत उत्तर द्यावे आणि संदर्भ जोडावेत. अधिक चर्चेसाठी ‘चावडी’ आहेच. विषय खरोखर पात्र असेल तर दोन चांगले संदर्भ शंभर शब्दांच्या युक्तिवादापेक्षा अधिक काम करतात. पात्र नसेल तर तोच मजकूर एखाद्या मोठ्या लेखात सामावता येतो का, ते पाहावे.

नव्याने लिहू पाहणाऱ्याने पहिलाच लेख नवा निर्माण करण्याऐवजी आठवडाभर आपल्या गावाच्या आहे त्या लेखात लहान दुरुस्त्या कराव्यात. एखादे चुकलेले साल सुधारावे, एखाद्या निराधार वाक्याला संदर्भ द्यावा. तेवढ्यात पद्धत अंगवळणी पडते.

वाचनालयाची वाट

या साऱ्याचा निष्कर्ष असा की, ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या लेखांसाठी लागणारे साहित्य आंतरजालावर कमी आणि आपल्या वाचनालयांच्या कपाटांत अधिक आहे. जुन्या मासिकांचे अंक, स्थानिक इतिहासाची पुस्तके, स्मरणिका, कात्रणांच्या वह्या हा ऐवज कागदाचा आहे. वाळवी, दमट हवा आणि जागेची टंचाई यांपुढे तो फार काळ टिकेल याची खात्री नाही. ज्या वृद्ध वाचकांना कोणत्या खंडात काय आहे हे ठाऊक आहे, तेही कायम आपल्यात असणार नाहीत.

संगणकावर सफाईने टंकणारी नातवंडे आणि जुने अंक धुंडाळणारे आजोबा एकाच घरात असतात, एकाच टेबलाशी मात्र क्वचित बसतात. एका रविवारी ते वाचनालयात एकत्र बसले, एकाने पृष्ठ क्रमांक सांगितला आणि दुसऱ्याने तो नोंदवला, तर संध्याकाळपर्यंत एक चांगला लेख सिद्ध होऊ शकतो. पुढे कोणी कल्याणविषयी मराठीत शोध घेईल तेव्हा त्याला गाडीच्या वेळापत्रकापलीकडेही काही सापडेल.